अर्धा सूर खाली

"विद्यालयात तुम्ही काय वाजवायचात?" असं कुणी विचारलं की मी सांगतो, तानपुरा. समोरचा मान डोलावतो, जरा थांबतो आणि पुन्हा विचारतो, "ते झालं हो, पण वाजवायचात काय?"

लग्न ठरताना सासऱ्यांनीही हेच विचारलं होतं. तानपुरा ही उमेदवारी असावी, दोनचार वर्षांत पेटी किंवा तबला असं काहीतरी कायमचं मिळेल, अशी त्यांची समजूत झाली. मी ती दूर केली नाही. एकूण एकवीस वर्षं मी तानपुराच वाजवला आणि सासरे असेपर्यंत दर दिवाळीला मला हळूच विचारत राहिले, "यंदा काही हालचाल?"

तेव्हा आधी तानपुऱ्याचं सांगतो. चार तारा असतात. त्यांवर कुठलंही गाणं वाजत नाही. एकामागून एक छेडायच्या, चौथी झाली की पुन्हा पहिली, गाणारा थांबेपर्यंत. गाणाऱ्याचा सा कुठे आहे एवढंच तानपुरा सांगत असतो. हार्मोनियमच्या ज्या पट्टीवर आपला गळा सुखानं बसतो तिथे आपला सा. कुणाचा पांढरी एक, कुणाचा काळी चार. पुरुषांचा साधारण खाली, बायकांचा वर. एकदा ठरला की माणूस तो जन्मभर सांगतो, घरचा पत्ता सांगावा तसा.

छेडायचं काम कुणीही करील. खरं काम तारा लावण्याचं. तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात तिथे प्रत्येक तारेखाली सुताचा एक धागा अडकवलेला असतो. तो केसभर पुढेमागे सरकवत गेलं की एका जागी तार एकदम उघडते आणि तिच्या पोटातले बाकीचे सूर बाहेर येऊ लागतात. ह्याला जवारी म्हणतात. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, कानालाच सापडते. सापडली की हात काढून घ्यायचा. आणखी थोडा धागा सरकवून बघू, हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही आणि मग अर्धा तास गेला म्हणून समजा. आमच्याकडे तर समुद्र जवळ. सकाळी सहाला लावलेला तानपुरा खारा वारा लागला की नऊपर्यंत वेगळंच काहीतरी सांगू लागायचा. खुंट्या फुगायच्या, खडू घासून घासून माझी बोटं पांढरी व्हायची. कारखान्यांकडचा वारा आला की पोलादी तारा काळवंडायच्या. माझ्या तानपुऱ्यांना दुसऱ्यानं हात लावला की मला राग येई, आणि तो मी कधी लपवला नाही.

बोईसरच्या बाजारात एका भातगिरणीच्या वरच्या मजल्यावर आमचं संगीत विद्यालय भरायचं. मजला लाकडी होता. गिरणीचा पट्टा फिरू लागला की एक घरघर पायांतून वर यायची, काळी एकच्या जराशी वर. सगळे तिच्यावर वैतागायचे. पण गिरणी थांबली की क्षणभर खालची जमीनच कुणी काढून घेतल्यासारखं व्हायचं. फळ्यांच्या फटींतून कोंड्याची धूळ वर यायची आणि खिडकीतल्या उन्हात तरंगत राहायची. नव्या तांदळाचा वास, खालच्या बाजारातला सुक्या मासळीचा वास, आणि ह्या सगळ्यात दहाबारा मुली 'सा' लावून बसलेल्या. आज डोळे मिटले की मला ते सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं, हळू हलणारं.

मी मूळचा माहीमचा, केळव्याजवळच्या. घरी पानवेलीची वाडी होती, ती भावाकडे गेली आणि मी एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागलो. बोईसरजवळच्या पाम गावी बिऱ्हाड केलं. संध्याकाळी गाणं शिकायला विद्यालयात जाऊ लागलो. गाणं शिकवायच्या विमलाबाई. त्यांनी माझं गाणं चार महिने अतिशय शांतपणे ऐकून घेतलं. एक दिवस वर्गाआधी मी सहज तानपुरा लावत बसलो होतो. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"श्रीधर," त्या म्हणाल्या, "गाणं राहू दे. तू तानपुरे लाव."

वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, घरी जाऊन जेवलो नाही. पण दुसऱ्या दिवशी गेलो, तो एकवीस वर्षं जातच राहिलो. कारखान्यातली नोकरी पोटाची होती. हे दुसरं कशाचं होतं, ते अजून नीट सांगता येत नाही.

बाई मुंबईला गुरूंच्या घरी राहून शिकलेल्या. नाव होऊ लागलं होतं, तेवढ्यात यजमानांची बदली इकडे झाली. आमच्या गावात त्यांचं गाणं म्हणजे काय चीज आहे, हे कळायला लोकांना दोन वर्षं लागली. पेटीवर नाना असत. शाळेचे निवृत्त हेडमास्तर, विद्यालय त्यांनीच काढलेलं. तबल्याला काशिनाथमास्तर, दातिवऱ्याचे. घरची होडी, जाळी, मासळी. तरुणपणी मुंबईच्या गोदीत काम करताना एका उस्तादांकडे दहा वर्षं तालीम घेतलेली. एसटीनं यायचे, तबल्याची पिशवी पोटाशी धरून. हात दोरखंड ओढून राठ झालेले, पण त्याच हातांनी डग्गा असा काही बोलायचा की पुढच्या रांगेतली माणसं बाईंना विसरून त्यांच्याकडे बघत राहायची. असे तीन शिक्षक मुंबईच्या विद्यालयांनाही मिळाले नसते. आम्हाला ते गिरणीच्या वर मिळाले होते.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठला बैठक व्हायची. रात्रपाळी सुटलेले आणि दुपारपाळीला जाणारे, दोघांनाही जमेल अशी ती एकच वेळ. गिरणीवाले शेठ त्या दिवशी पट्टा बंद ठेवायचे आणि स्वतः पहिल्या रांगेत बसून डुलक्या काढायचे. एक उत्तर प्रदेशातला कामगार होता, रामलखन नावाचा. लूमच्या खात्यात असायचा. पहिल्यांदा आला तो बैठकीच्या दिवशी नव्हे, असाच एका दुपारी.

"मास्टरजी," तो दारातून म्हणाला, "थोड़ी देर यही बजा दीजिए. कान में मशीन बैठ गई है, निकलती नहीं."

मी तानपुरा छेडू लागलो. तो भिंतीला टेकून बसला आणि पाच मिनिटांत झोपला. तासाभरानं उठला, पाया पडू लागला, मी पडू दिलं नाही. पुढे दर आठवड्याला यायचा. त्यानं कधीही गाणं ऐकायला मागितलं नाही. माझ्या वाजवण्याला असा खास श्रोता मिळालेला मी एकटाच तानपुरेवाला असेन.

खरं म्हणजे मलाही तसंच व्हायचं. बाईंच्या मागे बसून चार तारांची फेरी सुरू केली की थोड्या वेळात हात माझा राहत नसे. समोर बाईंची पाठ, अंबाडा, डाव्या हाताची उठणारी बोटं. डोळे उघडेच असायचे, पण वडलांची वाडी दिसू लागायची, पाटातलं पाणी, वेलींची ओली सावली. त्या सावलीत बाईंचा आवाज कुठून तरी लांबून यायचा आणि माझ्या अगदी जवळून जायचा. बैठक संपली की मी पायऱ्या उतरताना कठडा धरायचो. आमची ही म्हणायची, "रविवारी हे घरी येतात, पण पोचत नाहीत." बरोबर बोलायची.

बाईंचा सा काळी चार. गुरूंनी त्यांच्या सोळाव्या वर्षी ठरवून दिलेला. पंचावन्नी उलटली तशी मला मागे बसून काहीतरी वेगळं ऐकू येऊ लागलं. वयाबरोबर गळा खाली येतोच. चष्म्याचा नंबर वाढतो तसंच ते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुष्कळ गाणारे निमूटपणे पट्टी उतरवतात. पण बाईंपुढे तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती. वरचा सा आला की त्या त्याला नुसता हात लावून मागे फिरू लागल्या. कधी तो फाटायचा. ऐकणाऱ्यांना ते खोकल्यासारखं वाटे. मी मात्र पुढची तार जरा जोरात छेडायचो.

त्या वर्षी गुरुपौर्णिमेनंतरच्या रविवारी बाईंची मोठी बैठक ठरली. ऐकायला कृष्णाताई मुंबईहून येणार होत्या. कृष्णाताई म्हणजे बाईंच्या गुरुभगिनी, तिकडे एक नावाजलेलं मंडळ चालवायच्या. आदल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर बाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"श्रीधर, तुला सांगून ठेवते. दुसऱ्या कुणाला बोललेली नाही. ह्या वेळी वरचा सा लागला नाही, तर बैठका बंद. शिकवीन. गाणार नाही."

"बाई, असं काय..."

"तीन महिने पहाटे उठून खर्ज भरतेय, खालचे सूर घोटतेय. त्याउपर नाही लागला, तर तो माझा राहिला नाही असं समजायचं."

पामला चालत गेलो, नेहमीची बस सोडून दिली.

शनिवारी दुपारी एकटा विद्यालयात गेलो आणि दोन्ही तानपुरे पुढ्यात घेतले. काळी चारला लावले. मग खुंट्या सैल केल्या आणि अर्धा सूर खाली आणले, पांढरी पाचवर. अर्धा सूर म्हणजे ऐकणाऱ्याच्या लेखी काहीच नाही. गाणाऱ्याच्या गळ्याला मात्र तो घाटातला शेवटचा चढ असतो. बाईंनी इतक्या वर्षांत एकदाही मला सूर कोणता लावलाय हे विचारलं नव्हतं. मी लावायचो, त्या डोळे मिटायच्या. मी काय करतोय हे मला पुरतं कळत होतं.

पण पेटी? बाई गाताना नानांच्या बोटांकडे ओझरतं बघायच्या. तेही जमण्यासारखं होतं. बदलून गेलेल्या एका इंजिनीयरनं विद्यालयाला स्केल चेंजर पेटी दिली होती. तिची कळ फिरवली की पट्ट्यांचा सगळा संच जागेवरून सरकतो. बोटं काळी चारवर ठेवायची, आवाज पांढरी पाचचा येतो. नानांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं.

"तिचं गाणं बंद झालं तर विद्यालयही बंद झाल्यातच जमा," ते म्हणाले. "फिरवतो कळ."

काशिनाथमास्तर रविवारी सकाळी एसटीनं आले. त्यांना जिन्यातच गाठलं.

"तबला उतरवीन मी," ते म्हणाले. "हातोडीचं काम हाय, त्यात काय. पन बायला सांगून उतरव, भाऊ."

"सांगितलं तर त्या गाणारच नाहीत."

मास्तर वर गेले आणि तबल्यावर हातोडी मारू लागले.

बाई तोडी राग गायल्या त्या दिवशी. मी ती सकाळ कशी सांगू? बाहेर ढग होते, खोलीत उजेड कमी, कोंड्याची धूळही नव्हती. पहिला सा लावला आणि बाईंनी क्षणभर मान वळवली, कानात काही आल्यासारखी. पण त्या हसल्या. आज गळा सुखात आहे, एवढंच त्यांना जाणवलं असणार. पुढचा दीड तास त्या उतारावर पाणी वाहावं तशा गायल्या. अंतऱ्यात वरचा सा आला, तिथे त्या थांबल्या. नुसता हात लावून फिरल्या नाहीत. उभ्या राहिल्या तिथे, आरामात, लांबवर बघत. शेठ जागे झाले. कृष्णाताईंनी डोळे पुसले. दुसऱ्या तानपुऱ्यावर नलू होती, बाईंची सगळ्यात गुणी शिष्या. ती चक्क रडत होती आणि तारा छेडायच्या विसरली. मी एकट्यानं दोघांचं धरून नेलं.

बैठक संपल्यावर बाई लहान मुलीसारख्या बोलत सुटल्या. "बघितलंस श्रीधर? तीन महिने खर्ज भरला! गुरुजी सांगायचे, आवाज जात नाही, आपण त्याला सोडतो." कृष्णाताईंनी तिथल्या तिथे दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. मुंबईला, त्यांच्या मंडळात. हे आमंत्रण त्या दर वर्षी द्यायच्या आणि बाई दर वर्षी नाही म्हणायच्या. ह्या वेळी हो म्हणाल्या.

मी तानपुऱ्यांना गवसण्या घालत होतो. त्या हो म्हणाल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. मुंबईला तानपुरे मंडळाचे, पेटीवाला मंडळाचा. बाई काळी चार सांगणार, ते काळी चार देणार. आणि सभागृहभर माणसांपुढे वरच्या 'सा'पाशी बाई एकट्या असणार.

पुढचे दिवस वाईट गेले. बाई घरी आपल्या तानपुऱ्यावर काळी चारलाच रियाज करत होत्या, आणि त्या रविवारसारखा गळा परत काही उघडेना. का उघडत नाही ह्याचं कोडं त्यांना पडलं. काढे सुरू झाले. दही बंद, लोणचं बंद, बोलणंही कमी केलं. रियाज वाढवला. एक दिवस वर्गात त्या मुलींना काहीतरी समजावत होत्या आणि आवाज इतका घोगरा की मागच्या मुलींना ऐकू येईना. मी तो गळा आवळत होतो, दुसरं कुणी नाही. घरी जेवताना आमची ही म्हणाली, "भिंतीवर काय लिहिलंय हो एवढं?"

नानांना उपाय सुचला. "आपणच जाऊ की! आपले तानपुरे, आपली पेटी घेऊन. घरची साथ लागते म्हणू." ते हे अगदी मनापासून सांगत होते, आणि मलाही पाच मिनिटं ते पटलं. मग मी काशिनाथमास्तरांकडे बघितलं. ते खिडकीशी तबला पुसत बसले होते.

"आमच्या दातिवऱ्याला कोनी वाऱ्याचं खोटं सांगितलं," ते म्हणाले, "तर त्याला परत कोन होडीवर घेत नाय. आता सांगशील तर बाय वाचेल. तुजं काय व्हईल ते मी सांगत नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग सुटेपर्यंत थांबलो. मुली गेल्या. खाली गिरणी चालू होती. बाई वह्या गोळा करत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. तानपुरे अर्धा सूर उतरवले होते, पेटीची कळ फिरवली होती, मास्तरांनी नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही.

बाईंनी वह्या खाली ठेवल्या. "फक्त त्या रविवारी?"

"फक्त त्या रविवारी."

"आधी कधी?"

"कधीच नाही, बाई."

त्यांनी जिन्यातून हाक मारून शेठना गिरणी थांबवायला सांगितली. घरघर थांबली. "लाव," त्या म्हणाल्या. "काळी चार."

मी लावला. इतकी वर्षं लावत आलेली तार मला त्या दिवशी सापडेना. बाई थांबल्या. मग गायल्या. वर गेल्या आणि सा फाटला. पुन्हा गेल्या, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत.

"उतरव."

मी चारही तारा अर्धा सूर उतरवल्या. त्यांनी सा लावून बघितला. "हा तो का?"

"हो."

"हासुद्धा माझा नाही. त्या दिवशी आनंदात होते म्हणून चालला. अजून उतरव."

खुंट्या पुन्हा सैल केल्या. तार खाली खाली येत होती आणि बाई तिच्याबरोबर आवाज उतरवत होत्या, डोळे मिटून, पाय टेकतो का ते बघत विहिरीत उतरावं तशा. काळी तीनवर त्यांनी हात वर केला. मी थांबलो. धागा सरकवला, जवारी लागली. बाई गाऊ लागल्या.

ते गाणं माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही. तबला नाही, पेटी नाही. ऊन खिडकीतून आत येऊन भिंतीवर चढलं आणि मग नाहीसं झालं, तरी त्या गातच होत्या. वरचा सा आला आणि गेला, मला कळलंही नाही, इतका तो सहज होता. आवाज जुना नव्हता. जाड होता, सावळा होता. मी वडलांच्या वाडीत नव्हतो, कुठेच नव्हतो. त्याच खोलीत होतो, आणि तीच खोली मला पहिल्यांदा दिसत होती.

संपल्यावर बाईंनी पदरानं मान पुसली. "मुंबईला नलू बसेल तानपुऱ्यावर," त्या म्हणाल्या.

"बरं, बाई."

"तुला माझी दया आली, श्रीधर?"

"दया नव्हती."

"मग काय होतं?"

मी तानपुऱ्याला गवसणी घालू लागलो. ह्याचं उत्तर आज देता येतं. भीती होती. बाई गायच्या थांबल्या तर मी कुणाच्या मागे बसणार, ही. त्यांचं गाणं वाचवतोय असं मी स्वतःला सांगितलं. वाचवत होतो मी माझे रविवार. हे त्या दिवशी बोललो असतो तर काही फरक पडला असता का, माहीत नाही. पण बोलायला हवं होतं.

मुंबईची बैठक मी ऐकली नाही. नलूनं येऊन सांगितलं. बाईंनी तिथे गेल्या गेल्या काळी तीन लावायला सांगितला. कृष्णाताईंच्या भुवया वर गेल्या. "खाली आलीस?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "हो. आता इथे गाते." आणि गायल्या. नलू म्हणाली, लोक उठायला तयार नव्हते. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी बाजूला जाऊन रडलो. त्यात आपण तिथे नव्हतो ह्याचंही रडू होतं, हे कबूल करतो.

विद्यालयात त्यांनी मला काढलं नाही, बोलणंही सोडलं नाही. पुढच्या रविवारी मी तानपुरे लावून बसलो. बाई आल्या, पदर सावरून बसल्या, आणि डोळे मिटायच्या आधी मागे वळल्या.

"सूर कोणता?"

"काळी तीन, बाई."

त्या वळल्या आणि गाऊ लागल्या. त्यात राग नव्हता. वर्गात मुलीला आडनाव विचारावं तसा तो प्रश्न होता. त्यानंतर सहा वर्षं त्या गायल्या आणि प्रत्येक बैठकीला त्यांनी वळून विचारलं. मुलींना वाटलं ही गुरुघरची शिस्त असणार. त्याही विचारू लागल्या. त्यांच्या मुली शिकायला आल्या, त्या विचारू लागल्या. आज तिकडे कुणीही गायला बसलं की आधी मागे वळून तानपुरेवाल्याला सूर विचारतं, आणि मगच डोळे मिटतं. आमच्या विद्यालयाची ही खास प्रथा आहे असं गेल्या वर्षी एका नव्या शिक्षकानं मला कौतुकानं समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं.

मी मात्र दर वेळी वाट बघायचो. वाटायचं, आज विसरतील. बोलण्याच्या नादात, पुढच्या कुणाकडे बघून हसताना, एकदा तरी न विचारता गायला लागतील. शेवटच्या बैठकीला त्या खूप थकल्या होत्या. दोघींनी धरून बसवलं. बंदिशीचा पहिला शब्दच आठवेना, तो त्यांनी नलूला विचारून घेतला. मी तारा छेडायला सुरुवात केली. बाईंनी नलूच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूहळू, सगळं अंग वळवत, माझ्याकडे वळल्या.

"सूर कोणता, श्रीधर?"

"काळी तीन, बाई."

त्यांनी मान हलवली, पुन्हा समोर वळल्या आणि सा लावला.